जबलपूरची हाडे आणि उत्क्रांतीचा पुरावा

१८२८ साली जबलपूरच्या छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीवर कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन दगड झालेली लाकडे शोधत होता. लाकडांच्या शोधात त्याच्या हाती काही जड, दंडगोल तुकडे लागले. ती एका प्रचंड प्राण्याची हाडे होती. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून स्लीमनचे नाव पुढे गाजले, पण भारतातले डायनोसॉरचे पहिले ज्ञात हाड उचलण्याचा मानही त्याच्याकडेच जातो. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेल्याला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. चार्ल्स डार्विन एकोणीस वर्षांचा होता आणि ‘डायनोसॉर’ हा शब्द अजून जन्मायचा होता. तो रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये घडवला. आपण काय उचलले आहे हे स्लीमनला कळण्याचा मार्गच नव्हता.

जबलपूरला हाडे आधी मिळाली आणि त्यांचा अर्थ पुढच्या पावणेदोनशे वर्षांत टप्प्याटप्प्याने लागत गेला. तो अर्थ लावण्याची रीत उत्क्रांतीच्या सिद्धान्ताने दिली. त्यामुळे या सिद्धान्ताच्या मुख्य कल्पना आणि त्यांमागचे पुरावे समजून घ्यायला जबलपूरइतकी सोयीची जागा भारतात क्वचितच मिळेल.

स्लीमनने हाडे आपले स्नेही डॉ. स्पिल्सबरी यांना दिली. स्पिल्सबरींनी स्वतःही तिथे खोदकाम केले आणि ती हाडे कोलकात्याला जेम्स प्रिन्सेपकडे धाडली. काही वर्षांनी ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप तो हाच. हाडे संग्रहात पडून राहिली. १८६० च्या सुमारास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा प्रमुख थॉमस ओल्डहॅम याने ती पुन्हा बाहेर काढली आणि ह्यू फाल्कनरने त्यांचे वर्णन लिहिले.

फाल्कनर हा या इतिहासातला फार महत्त्वाचा माणूस. शिवालिक टेकड्यांतील हत्ती, पाणघोडे, जिराफ यांचे जीवाश्म त्याने प्रोबी कॉटलीच्या जोडीने गोळा केले होते. १८५९ मध्ये डार्विनचा जातींच्या उगमावरचा ग्रंथ आला, तेव्हा जीवजाती बदलत नाहीत असे ठामपणे मानणाऱ्या नामवंत पुराजीवशास्त्रज्ञांची यादी डार्विनने त्यात दिली. त्या यादीत फाल्कनरचे नाव होते. पण फाल्कनरच्याच कपाटांत वेगळी गोष्ट सांगणारे दात भरलेले होते. जुन्या मॅस्टोडॉनच्या दाढेवर मोजके ठसठशीत उंचवटे असतात, तर आजच्या हत्तीच्या दाढेत उंच, पातळ पट्ट्या एकामागे एक दाटीने बसलेल्या असतात. या दोन टोकांच्या मधले दात असलेल्या प्राण्याला ‘स्टेगोडॉन’ हे नाव फाल्कनरनेच दिले. स्टेगोडॉन हा आजच्या हत्तींचा थेट पूर्वज नव्हता, तर शेजारची फांदी होता, असे आता मानले जाते. तरीही मधल्या अवस्था अस्तित्वात होत्या हे त्याने दाखवून दिले. फाल्कनरचे मत हळूहळू बदलले. जाती एकमेकींपासून उद्भवतात हे तो मान्य करू लागला, मात्र नैसर्गिक निवड एवढे एकच कारण त्याला अखेरपर्यंत पुरेसे वाटले नाही. तरीही १८६४ मध्ये रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक डार्विनला मिळावे यासाठी त्याने आग्रहाने पत्र लिहिले. पुराव्यापुढे मत बदलणारा हा माणूस जानेवारी १८६५ मध्ये वारला.

फाल्कनरच्या या शंकेतून एक भेद स्पष्ट होतो, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे आजही पुष्कळ वाद विनाकारण होतात. डार्विनची विधाने दोन होती. पहिले असे की सर्व सजीव समान पूर्वजांपासून, पिढ्यान्‌पिढ्या बदल होत, वेगवेगळ्या शाखांनी उतरले आहेत. दुसरे असे की या बदलांना दिशा देणारे मुख्य कारण नैसर्गिक निवड आहे. एकाच जातीतले जीव एकमेकांपासून थोडे वेगळे असतात. त्यातले काही फरक संततीत उतरतात. जगू शकतील त्याहून अधिक जीव जन्माला येतात. ज्यांचा फरक त्या ठिकाणी, त्या काळी उपयोगी पडतो त्यांची संतती अधिक उरते. एवढ्या चार गोष्टी खऱ्या असल्या की निवड आपोआप घडते. आनुवंशिकता कशी चालते हे डार्विनला ठाऊक नव्हते. मेंडेलचे वाटाण्यांवरचे प्रयोग १८६६ मध्ये छापले गेले, पण जगाने ते १९०० मध्ये वाचले; डीएनएची रचना कळायला १९५३ उजाडले.

समान पूर्वजांचे विधान तपासायचे तर आधी काळाचा क्रम हवा. जबलपूरच्या परिसरात तो खडकांतच मांडलेला आहे. मदनमहालचा ग्रॅनाइट आणि भेडाघाटचा संगमरवर हे सगळ्यांत जुने, दीडशे कोटी वर्षांहूनही आधीचे. ग्रॅनाइटमध्ये जीवाश्म शोधण्यात अर्थ नसतो. पण जबलपूरच्या उत्तरेला चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांत सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्म, तंतूंसारखे जीव मिळाले; लाल शैवालांशी साम्य असलेले हे जीवाश्म २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रॅनाइटच्या वर, फार मोठा काळ गाळून, चुई टेकडीवरच्या पांढऱ्या मातीचे आणि वालुकाश्माचे थर येतात. या ‘जबलपूर’ थरांत सायकड, नेचे आणि सूचिपर्णी झाडांचे ठसे आहेत. ऑटो फाइस्टमांटेलने १८७७ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्या वर लमेटा थर. नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून हे नाव पडले. हिरवट वालुकाश्म, चुनखडी आणि डागाळलेल्या गाठाळ थरांचा हा संच सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि डायनोसॉरची हाडे व अंडी त्यात आहेत. त्यावर दख्खनच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट. शेजारच्या दिंडोरी जिल्ह्यातील घुघुआ येथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात ताडवर्गातील झाडांचे दगड झालेले बुंधे मिळतात. १९८३ पासून तिथे राष्ट्रीय जीवाश्म उद्यान आहे. सगळ्यांत वर नर्मदेचा गाळ, आणि त्यात हत्ती, पाणघोडे, रानबैल, घोडे.

हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. जबलपूर थरांत राज्य सायकड आणि सूचिपर्णी झाडांचे आहे. लाव्हाच्या काळापर्यंत ताड आणि इतर सपुष्प झाडे पसरलेली दिसतात. लमेटा थरात डायनोसॉर आहेत, पण हत्ती नाही. नर्मदेच्या गाळात हत्ती आहेत, पण डायनोसॉर नाही. हाच क्रम अर्जेंटिनात, चीनमध्ये, युरोपात पुन्हा पुन्हा आढळतो. लमेटाच्या अस्पर्श थरात हत्तीची एक जरी दाढ मिळाली असती, तरी उत्क्रांतीच्या मांडणीला उत्तर देणे अवघड गेले असते. अशी दाढ जगात कुठेही मिळालेली नाही.

स्लीमनच्या हाडांना नाव मिळाले ते १८७७ मध्ये. रिचर्ड लायडेकरने शेपटीचे दोन मणके आणि नंतर जबलपूरलाच मिळालेले मांडीचे हाड यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ ही जात स्थापली. भारतात नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. त्या मणक्यांत लायडेकरला वेगळे काय दिसले? मणक्याची पुढची बाजू खोलगट होती आणि मागची बाजू गोळ्यासारखी फुगलेली, म्हणजे मागच्या मणक्याच्या खळग्यात पुढच्याचा गोळा बसावा अशी. तोवर ठाऊक असलेल्या लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनोसॉरांत अशी शेपटी नव्हती, म्हणून ही ओळख नव्या जातीला पुरेशी वाटली. लायडेकरने पुढे वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातील हाडांना १८७९ मध्ये आणि अर्जेंटिनातील हाडांना १८९३ मध्ये याच ‘टायटॅनोसॉरस’ वंशात जागा दिली.

मग असे मणके सगळीकडे निघू लागले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, युरोप, आशिया. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा सांगाडा १९८० च्या दशकात खणून काढला गेला. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी तो टायटॅनोसॉरसचीच एक जात म्हणून वर्णिला. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सगळा साठा पुन्हा तपासला आणि निष्कर्ष काढला की लायडेकरची मूळ जात टिकत नाही. ज्या खुणेवर ती उभी होती ती खूण आता डझनावारी जातींत दिसते. सगळ्या भावंडांचे नाक सारखे असले तर त्या नाकावरून एक भाऊ ओळखता येत नाही, घराणे ओळखता येते. डोंगरगावच्या प्राण्याचे ‘आयसिसॉरस’ असे नवे नामकरण झाले. ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव शास्त्राच्या वापरातून गेले, पण ‘टायटॅनोसॉरिया’ हे मोठ्या गटाचे नाव राहिले.

जबलपूरने नाव गमावले याचे वाईट वाटायचे कारण नाही. समान पूर्वज असतील तर खुणा नेमक्या अशाच वाटल्या गेलेल्या दिसायला हव्यात. काही खुणा एका जातीपुरत्या, काही अनेक जातींच्या कुलात, काही त्याहून मोठ्या गटात, अशा एकात एक बसणाऱ्या वर्तुळांनी. खोलगट-फुगीर मणका टायटॅनोसॉर गटाच्या वर्तुळात बसतो, लांब मान त्याहून मोठ्या वर्तुळात, मांडीच्या हाडाचे आतल्या बाजूला वळलेले डोके साऱ्या डायनोसॉरांच्या वर्तुळात आणि चार पाय त्याहूनही मोठ्या. प्रत्येक जात स्वतंत्र निर्माण झाली असती तर खुणांची अशी घडी पडण्याचे काहीच कारण नव्हते. एका जातीची ओळख म्हणून निकामी ठरलेला तो मणका नातेसंबंधाचा पुरावा म्हणून अधिक भक्कम झाला.

मांसाहारी डायनोसॉरांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटलीने बडा शिमल्यावर पद्धतशीर खोदकाम केले. १९३० च्या दशकात तो पुन्हा आला. काही हाडे आणि त्यांच्याजवळ मिळालेले कवचाचे तुकडे एकत्र धरून त्याने ‘लमेटासॉरस’ हा चिलखती शाकाहारी डायनोसॉर उभा केला. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या डी. के. चक्रवर्ती यांनी १९३० च्या दशकातच त्यावर शंका घेतली, आणि ती योग्य ठरली. हाडे मांसाहारी डायनोसॉरची होती आणि कवच दुसऱ्याच प्राण्याचे. मॅटली आणि जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक फॉन ह्यूने यांचा मोठा ग्रंथ १९३३ मध्ये निघाला. त्यात ‘इंडोसुकस’ आणि ‘इंडोसॉरस’ ही जबलपूरची आणखी दोन मांसाहारी नावे आली. पुढची पन्नास वर्षे त्यांचे सोयरे उत्तर गोलार्धात शोधले गेले. कुणी त्यांना अ‍ॅलोसॉरसजवळ बसवले, कुणी टायरॅनोसॉरसजवळ. नीट बसत कुठेच नव्हते.

उत्तर अर्जेंटिनातून आले. १९८५ मध्ये होसे बोनापार्ते आणि फर्नांदो नोवास यांनी ‘अ‍ॅबेलिसॉर’ कुलाचे वर्णन केले. आखूड, उंच, खडबडीत कवटीचे हे मांसाहारी प्राणी होते, आणि जबलपूरच्या कवट्यांचे तुकडे या कुलात चपखल बसले. मादागास्करचा माजुंगासॉरस त्यातलाच. गुजरातेत राहिओली येथे १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी गोळा केलेल्या हाडांतून २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ पुढे आला, तोही त्यातलाच.

भारत, मादागास्कर आणि अर्जेंटिना यांच्यात आज महासागर आहेत. पण हे भूभाग एकेकाळी एकाच खंडाचे होते, आणि त्या खंडाचे नाव जबलपूर-मंडला भागातल्या गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ असे पडले. मादागास्करपासून भारत सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे सरकत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. सजीवांची वाटणी भूभागांच्या इतिहासाप्रमाणे होते, हा उत्क्रांतीचा सर्वांत बोलका पुरावा, आणि डार्विनलाही तो फार महत्त्वाचा वाटत होता. हा पुरावा फक्त दगडांतच नाही. २००३ मध्ये सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडून जमिनीखाली राहणाऱ्या एका जांभळ्या बेडकाचे वर्णन सत्यभामा दास बिजू आणि फ्रांकी बोसाइट यांनी केले. त्याचा डीएनए तपासला तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे नातलग निघाले हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. खाऱ्या पाण्यातून बेडूक पोहत जात नाहीत. जमीन दुभंगली, तसे घराणेही दुभंगले.

लमेटा थरांची दुसरी संपत्ती म्हणजे अंडी. भारतातील डायनोसॉरच्या अंड्यांचा अभ्यास १९८० च्या दशकात धनंजय मोहबे यांच्या गुजरातेतील शोधांनी सुरू झाला. जबलपूरच्या लमेटा चुनखडीतली अंडी आणि कवचे अशोक साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासली. धार जिल्ह्यात तर ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २०२२ मध्ये, धार जिल्ह्यातल्याच पाडल्या गावाजवळ मिळालेल्या एका अंड्याने सगळ्यांचे लक्ष वेधले होते. त्या अंड्याच्या आत दुसरे अंडे होते. तयार होत आलेले अंडे शरीरात उलटे मागे जाऊन त्याच्याभोवती नवे कवच चढते, ही विकृती पक्ष्यांत माहीत आहे. कासव, सरडे, मगरी यांच्यात ती कुणी पाहिलेली नव्हती. पक्षी हे डायनोसॉरांच्या एका शाखेचे वंशज आहेत, हे हाडांवरून आधीच ठरले होते. आता अंडी घालण्याच्या यंत्रणेतूनही त्याला दुजोरा मिळाला. गुजरातच्या एका घरट्यात अंड्याभोवती वेटोळे घातलेला साप मिळाला. मोहबे, विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याला ‘सनाजेह’ असे नाव दिले. पिसदुऱ्याच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सिलिकाकण मिळाले, आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते ही जुनी समजूत २००५ मध्ये मोडली.

पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत असतानाच्या काळात आणि मेक्सिकोजवळ महाकाय अशनी आदळला तेव्हा, पक्षी सोडून सारे डायनोसॉर संपले. दोन आघातांपैकी कोणाचा वाटा किती, यावर वाद चालू आहे. उत्क्रांतीच्या दृष्टीने मुद्दा असा की रिकाम्या झालेल्या जागा सस्तनांनी भरल्या.

ते सस्तन नर्मदेच्या गाळात भेटतात. जबलपूरच्या खालच्या अंगाला, नरसिंहपूरकडच्या किनाऱ्यांवरून १८३० च्या दशकापासून हाडे जमा होऊ लागली. त्यातही स्पिल्सबरींचा हात होता. सरळ सुळ्यांच्या एका प्रचंड हत्तीला फाल्कनर आणि कॉटली यांनी नर्मदेवरून ‘नमदिकस’ हे जातिनाम दिले. त्याच्या युरोपातील भाऊबंदाच्या हाडांतून निघालेला डीएनए २०१७ मध्ये वाचला गेला, तेव्हा तो आशियाई हत्तीपेक्षा आफ्रिकेतल्या वनहत्तीला जवळचा ठरला. दातांवरून बांधलेले नाते रेणूंनी सुधारले. शास्त्र असे स्वतःला दुरुस्त करत जाते, आणि ते त्याचे बळ आहे. ५ डिसेंबर १९८२ रोजी नर्मदेच्या काठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. आधी तो होमो इरेक्टसचा मानला गेला. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो आजच्या माणसाला अधिक जवळच्या, पण अजून आजचा माणूस नसलेल्या गटात ठेवला. नेमकी रेघ ओढता येत नाही, कारण निसर्गातच ती नाही.

निवड घडताना पाहायची तर कोट्यवधी वर्षे लागत नाहीत. जबलपूरला १९८९ मध्ये तणविज्ञानाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते तण संशोधन निदेशालय म्हणून ओळखले जाते. तिथल्या संशोधकांचा रोजचा विषय म्हणजे उत्क्रांतीच. हरियाणा-पंजाबात गव्हातल्या गुल्लीदंडा या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक वर्षानुवर्षे फवारले गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते चालेनासे झाले. औषधाने तणाला सहनशक्ती दिली नव्हती. ती मोजक्या रोपांत आधीपासून होती. बाकीची मेली आणि शेत त्या मोजक्यांच्या संततीने भरले. भाताची गोष्ट तर त्याहून विलक्षण. मध्य भारतात भाताच्या खाचरात उगवणारा रानभात, छत्तीसगडी शेतकऱ्यांचा ‘करगा’, खऱ्या भातासारखाच दिसतो, त्यामुळे निंदताना सुटतो. त्याला ओळखता यावे म्हणून जांभळ्या पानांचा भात लावण्यात आला: हिरवे दिसेल ते उपटायचे. पण रानभाताचा जांभळ्या भाताशी संकर होत गेला. जी रोपे हिरवी राहिली ती उपटली गेली, जी जांभळी निघाली ती वाचली. थोड्याच हंगामांत तणही जांभळे झाले. फरक, वारसा आणि निवड या तिन्ही गोष्टी इथे एका खाचरात, शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत घडल्या.

स्लीमनच्या संग्रहातला मणका मधल्या काळात हरवल्यात जमा होता. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात पुन्हा सापडला. भेडाघाट-लमेटाघाट परिसर २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहे. धुवांधार धबधबा पाहायला जबलपूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः शाळकरी मुलांबरोबर जाणाऱ्यांनी, भेडाघाटच्या वाटेवर लमेटा घाटावर तासभर थांबावे आणि तिथले थर मुलांना खालून वर दाखवावेत.